पारसिकचे झुकलेले थर आणि थ्रस्ट शीटची चळत

ठाण्यातल्या भूशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कळवा-मुंब्रा पट्ट्यात आणि पुढे पनवेलपर्यंत लाव्हाचे थर समुद्राच्या बाजूला झुकलेले दिसतात, शिवाय डोंगररांग किनाऱ्याला समांतर आहे. मग तैवान किंवा इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यासारखे इथेही खडकांचे पत्रे, म्हणजे थ्रस्ट शीट, दाबाने एकमेकांवर चढले आहेत का? चढले नसतील, तर जिथे चढतात तिथे ते वाकतात, तुटतात आणि रचले जातात ते नेमके कसे?

पहिल्या भागाचं उत्तर आहे, नाही. पारसिक, येऊर, मुंब्रा, माथेरान ही सगळी दख्खनच्या लाव्हाची रास आहे, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. माथेरानला हे थर जवळजवळ आडवे आहेत. पश्चिमेकडे येताना पनवेलच्या परिसरात ते वाकतात आणि मुंबई बेटावर त्यांचा पश्चिमेकडचा कल साधारण १० ते १५ अंश भरतो. या वाकलेल्या पट्ट्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. तो कसा तयार झाला यावर मतभेद आहेत. काहींच्या मते ही साधी एकांगी घडी आहे, तर काहींच्या मते खोलवर सपाट होत जाणाऱ्या नॉर्मल फॉल्टच्या, म्हणजे ताणामुळे तुटून सरकलेल्या भेगेच्या, अंगावर कललेले हे ठोकळे आहेत. मात्र किनाऱ्याचं कवच ताणलं गेलं होतं, याबद्दल दुमत नाही. किनारपट्टीत उत्तर-दक्षिण धावणाऱ्या डाइकची, म्हणजे भेगांत गोठलेल्या मॅग्माच्या भिंतींची, गर्दी आहे, आणि भेग उघडल्याशिवाय तिच्यात मॅग्मा उभा चढत नाही. समुद्राखाली मुंबई हायच्या परिसरातही जुना खडक नॉर्मल फॉल्टनी उंच-खोल ठोकळ्यांत तुटलेला आहे. सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला तोही याच कालखंडात.

थर कलले म्हणजे ते दाबले गेले, हा निष्कर्ष घाईचा असतो. थ्रस्टची, म्हणजे दाबाने एक पत्रा दुसऱ्यावर चढवणाऱ्या फॉल्टची, खरी खूण एकच: जुना खडक नव्याच्या वर बसलेला असतो आणि तोच क्रम पुन्हा पुन्हा भेटतो. सह्याद्रीत खालून वर नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर असा लाव्हाथरांच्या गटांचा क्रम रासायनिक विश्लेषणावरून बसवलेला आहे. थ्रस्ट असता तर बुशेच्या डोक्यावर पुन्हा ठाकूरवाडी बसलेली सापडली असती. तशी ती सापडत नाही.

खदानीत दोन गोष्टींनी फसगत होते. लाव्हाच्या दोन थरांमधली चिरडलेली लाल माती, म्हणजे रेड बोल, पाहून अनेक जण तिला फॉल्टमधली भुकटी समजतात. आधी त्या मातीच्या खाली आणि वर काय आहे ते पाहा. खालच्या थराचा माथा फुग्यांनी सच्छिद्र आणि भाजलेला, वरच्याच्या तळाशी नळीसारखी उभी भोकं, असं असेल तर ती लाव्हाच्या दोन प्रवाहांमधली सीमा आहे. दुसरी फसगत घासून गुळगुळीत झालेल्या पृष्ठांमुळे होते. त्यांवरच्या रेघा दगड कुठल्या दिशेने सरकला हे सांगतात. किती सरकला, हे त्या सांगत नाहीत. हातभर सरकलेल्या सांध्यावरही तशाच रेघा असतात.

आता प्रश्नाचा मुख्य भाग. थ्रस्ट शीटची जाडी सहसा काही किलोमीटर असते, लांबी-रुंदी मात्र दहा-दहा, पन्नास-पन्नास किलोमीटर. एवढा पातळ आणि रुंद पत्रा मागून ढकलला तर तो पुढे सरकायच्या आधी चुरगळायला हवा. हे कोडं जुनंच आहे. १९५९ मध्ये हबर्ट आणि रूबी यांनी दाखवलं की तळाच्या थरात अडकलेल्या पाण्याचा दाब वरच्या खडकाचं बरंचसं वजन पेलतो, त्यामुळे घर्षण घटतं. आकडे मांडून पाहा. खडकाचा घर्षण गुणांक ०.८५ धरा. छिद्रांतलं पाणी साध्या जलस्तंभाच्या दाबाचं असेल तर तो दाब वरच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के असतो आणि परिणामी घर्षण ०.५ च्या आसपास राहतं. तोच दाब वजनाच्या ९० टक्क्यांवर गेला तर घर्षण ०.०८५ वर येतं. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यांत असा दाब सहज साठतो, कारण नदीने आणून टाकलेला बारीक चिखल भराभर गाडला जातो आणि त्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही.

म्हणून कुठल्याही पट्ट्यात पहिल्यांदा सरकता तळ शोधायचा. तो शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात असेल, जिप्समात असेल किंवा मिठात असेल. वरच्या खडकांचं वागणं बऱ्याच अंशी त्यावरून ठरतं. तळ मिठाचा असेल तर वर रुंद, दोन्ही अंगांनी सारख्या घड्या पडतात आणि पट्टा लांबवर पसरतो; इराणच्या झाग्रोसमध्ये तसं दिसतं. तळ शेलचा असेल तर एका दिशेला झुकलेले, एकामागोमाग एक बसलेले तिरपे काप तयार होतात.

फॉल्ट या तळात काही अंतर आडवा धावतो. मग कुठेतरी वरचा कणखर थर छेदून तिरका चढतो आणि वरच्या एखाद्या मऊ थरात पुन्हा आडवा होतो. आडव्या भागाला फ्लॅट आणि चढावाला रॅम्प म्हणतात. १९३४ मध्ये जे. एल. रिच यांनी अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगरांतल्या पाइन माउंटन थ्रस्टसाठी ही रचना मांडली आणि आजही कामाची सुरुवात तिथूनच होते. रॅम्पचा चढ बहुधा २० ते ३० अंशांचा असतो. याचं कारण सरळ आहे. मुख्य दाब आडवा असेल तर फॉल्ट त्याच्याशी ४५ वजा अंतर्गत घर्षणकोनाचा निम्मा इतका कोन करतो. घर्षणकोन ३० अंश धरला तर उत्तर ३० येतं. २ किमी जाडीचा थर २५ अंशांच्या रॅम्पने कापायचा तर रॅम्पची लांबी सुमारे ४.७ किमी भरते, आणि नकाशावर तो ४.३ किमी जागा घेतो.

वरचा पत्रा या चढावरून जाताना वाकलाच पाहिजे, कारण फॉल्टचा आकार वाकडा आहे आणि मध्ये पोकळी राहू शकत नाही. मागच्या बाजूचे थर रॅम्पइतकेच झुकतात, वर सपाट माथा राहतो आणि पुढची बाजू थोडी जास्त उतरती होते. थरांची जाडी बदलत नाही असं मानलं तर जॉन सप यांच्या १९८३ च्या भूमितीनुसार २० अंशांच्या रॅम्पवर पुढच्या बाजूचा कल सुमारे २३ अंश येतो. रॅम्प ३० अंशांचा झाला की तोच कल ६० वर जातो, आणि त्याहून उभ्या साध्या रॅम्पवर ही भूमिती चालतच नाही. तेव्हा पुढच्या बाजूचे थर ७०-८० अंशांवर उभे किंवा उलटे झालेले दिसले, तर तिथे ही घडी ओढूनताणून बसवू नका. तिथे बहुधा फॉल्टचं टोक खडकातच थांबलेलं आहे आणि उरलेलं सरकणं त्याच्या पुढच्या घडीने पचवलं आहे. अशा घडीची पुढची बाजू आखूड आणि उभी असते, मागची लांब आणि सौम्य. पुढे कधीतरी फॉल्ट त्या घडीलाच कापून वर येतो आणि उलटलेल्या थरांची एक चिरफळी त्याच्या खाली अडकून राहते. विहिरीत तोच थर तीनदा, मधला उलटा, असा भेटतो तो या चिरफळीमुळे.

पत्रा आतूनही बिघडतो, हे आपण रेखाटतो त्या चित्रांत सहसा दिसत नाही. फॉल्ट तुटण्याआधीच थर आडवे आखडतात. चिकणमातीत क्लिव्हेज, म्हणजे पातळ पापुद्र्यांत फुटण्याची ठेवण येते, चुनखडकात दाबाने विरघळून दातेरी शिवणी पडतात. तळाच्या काही मीटरांत खडकाची भुकटी होते. पत्र्याच्या बाजूच्या कडांना तो शेजारच्या भागापासून बाजूने आडव्या सरकणाऱ्या फॉल्टने किंवा तिरक्या रॅम्पने तुटतो. म्हणून एका ओढ्यात नीट जुळलेला छेद, म्हणजे जमिनीच्या उभ्या कापाचं चित्र, शेजारच्या ओढ्यात जुळला नाही, तर आधी मधली आडवी फाट शोधावी.

चळत कशी रचली जाते? नेहमीचा क्रम मागून पुढे असतो. पहिला फॉल्ट थकला की त्याच्या पुढे, खालच्या अंगाला नवा तुटतो आणि जुना पत्रा त्याच्या पाठीवर बसून पुढे जातो. त्या ओघात जुना फॉल्ट अधिक उभा होत जातो. म्हणून छेदात मागचे फॉल्ट उभे आणि पुढचे सपाट दिसणं हे बरोबरच आहे. वरही फॉल्ट आणि खालीही फॉल्ट, मध्ये कापांची रांग, अशी रचना झाली तर तिला डुप्लेक्स म्हणतात आणि प्रत्येक कापाला हॉर्स. तिचा आकार एका गुणोत्तरावर ठरतो. प्रत्येक हॉर्स त्याच्या लांबीपेक्षा बराच कमी सरकला तर सगळे मागच्या बाजूला झुकलेले राहतात. जवळजवळ लांबीइतका सरकला तर ते एकावर एक बसून घुमट तयार होतो. त्याहून जास्त सरकला तर ते पुढे ओलांडून जातात आणि पुढच्या बाजूला झुकतात. घुमट झाला की वरचा फॉल्टही फुगतो. नदीने तो खरवडला की जुन्या खडकांच्या वेढ्यात खालचे नवे खडक उघडे पडतात, त्याला विंडो म्हणतात.

हा क्रम बिघडतो कधी, हे किनाऱ्यावरच्या पट्ट्यांत सगळ्यात चांगलं कळतं. जेसीबी मुरूम ढकलतो तेव्हा पुढे पाचरीसारखा ढीग तयार होतो. ढीग पुरेसा चढता झाला की तो आकार न बदलता पुढे सरकतो. चढ कमी असेल तर आधी आतल्या आत गोळा होऊन उंच होतो. डेव्हिस, सप आणि डालेन यांनी १९८३ मध्ये हेच तत्त्व तैवानला लावलं. तिथे पृष्ठभागाचा चढ सुमारे ३ अंश आणि तळाचा उतार सुमारे ६ अंश, म्हणजे पाचर ९ अंशांची. तळ जितका निसरडा तितकी पाचर बारीक, आणि तळावरचं घर्षण जास्त असेल तर ती ठेंगणी-जाड.

आता पाऊस आणि गाळ यांचा हिशेब घ्या. तैवानमध्ये वादळी पाऊस डोंगर खरवडतो, पाचर आवश्यक कोनाखाली जाते आणि ती भरून काढण्यासाठी मागचे जुने फॉल्ट पुन्हा हलतात. उलट पाचरीच्या पुढ्यात गाळाची जाड भर पडली तर पुढचं टोक दबून बसतं, आणि एकच फॉल्ट दीर्घकाळ चालू राहतो किंवा तळ लांब उडी मारून बराच पुढे फुटतो. क्रम मोडून मागे तुटलेला फॉल्ट ओळखायचा तो असा: तो आधीच्या घड्या आणि फॉल्ट कापत जातो, आणि कधीकधी नवा खडक जुन्यावर आणून ठेवतो. मघाशी सांगितलेल्या खुणेला हा अपवाद आहे. तो ठाऊक नसेल तर छेद भलत्याच दिशेला जातो.

२१ सप्टेंबर १९९९ चा तैवानचा ७.६ तीव्रतेचा भूकंप चेलुंगपू फॉल्टवर झाला. तो पत्रा चिनशुई शेलच्या मऊ थरातून सरकला आणि उत्तरेकडे काही ठिकाणी जमीन ८ मीटरहून अधिक उभी उचलली गेली. एका भूकंपात इतकं सरकणं हा वरचा टोकाचा आकडा आहे. काही मीटरांची पावलं हजारो वेळा पडतात तेव्हा दहा-वीस किलोमीटरचा पत्रा चढतो.

मकरान आपल्याला दूरचा वाटतो, पण नाही. तिथे अरबी समुद्राचा तळ इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्याखाली शिरतो आणि त्यावरचा काही किलोमीटर जाड गाळ कापाकापाने रचला जातो. पाचर फारच पसरट आहे, म्हणजे तळ निसरडा आणि पाण्याचा दाब मोठा. तो दाब चिखलाच्या ज्वालामुखींतून बाहेर पडतो. सप्टेंबर २०१३ च्या भूकंपानंतर ग्वादरजवळ समुद्रात चिखलाचं एक बेटच वर आलं. नोव्हेंबर १९४५ मध्ये तिथल्या ८.१ तीव्रतेच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली आणि इथे जीवितहानी झाली. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठासाठी थ्रस्टचा विषय प्रत्यक्ष महत्त्वाचा ठरतो तो या वाटेने. पारसिकच्या डोंगराचा त्याच्याशी काही संबंध नाही.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर अंदमान उत्तम. ही बेटं म्हणजे पाण्यावर आलेला पाचरीचा माथा. फॉल्ट साधारण उत्तर-दक्षिण धावतात आणि पूर्वेकडे झुकतात. समुद्रतळाचा जुना खडक, म्हणजे ओफिओलाइट, नव्या गाळाच्या खडकांवर चढलेला आहे. पोर्ट ब्लेअरजवळ कॉर्बिन्स कोव्हला ओहोटीच्या वेळी वाळूखडक आणि शेलचे एकाआड एक थर पाहता येतात. बाराटांगला चिखलाचे ज्वालामुखी आहेत. डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावरची प्रवाळं पाण्याबाहेर आली आणि पोर्ट ब्लेअर सुमारे १ मीटर खचलं. सरकणाऱ्या तळाच्या पुढच्या टोकावरचा भाग उचलला जातो आणि मागचा ताणून खाली बसतो, म्हणून एकाच भूकंपात दोन्ही घडलं.

छेद काढताना तो खरा आहे का, हे उलगडून तपासायचं. छेद घडीच्या अक्षाला काटकोनात घ्या. १५-२० अंश चुकलं तरी आकडे बिघडू लागतात. उभी आणि आडवी मोजपट्टी एकच ठेवा. मग एका ठळक थराची लांबी दोऱ्याने किंवा संगणकावर मोजा, फॉल्टवर तुटेल तिथे थांबा, पुढच्या पत्र्यात पुन्हा सुरू करा. आजचा छेद ४० किमी आणि थराची एकूण लांबी ६४ किमी आली, तर आखडणं २४ किमी, म्हणजे ३७.५ टक्के. मग दुसरा, तिसरा थर मोजा. उत्तरं जुळली नाहीत तर एकतर मध्ये आणखी एक सरकता थर आहे किंवा छेद चुकला आहे. सरकता तळ किती खोल हे काढायला वर फुगलेलं क्षेत्रफळ आखडण्याने भागा: ६ चौरस किमी भागिले २ किमी, म्हणजे खोली ३ किमी.

समुद्राखालच्या पाचरींत मात्र ही पद्धत डोळे मिटून वापरू नये. ताज्या चिखलात निम्म्याहून अधिक आकारमान पाण्याचं असतं. पाचरीत शिरताना ते पिळून निघतं, त्यामुळे क्षेत्रफळ टिकतच नाही. आधी सच्छिद्रतेचा हिशेब करून घनभागाचं क्षेत्रफळ काढा, मगच भागाकार करा. प्लेट तिरकी शिरत असेल, जशी अंदमानात, तर माल छेदाच्या बाहेरही सरकतो. तिथे द्विमिती छेदातून निघालेला आखडण्याचा आकडा कमीत कमी इतका, एवढ्याच अर्थाने घ्यावा.

घरी प्रयोग करायचा असेल तर वाळूची पेटी पुरेशी आहे. १८८८ च्या सुमारास हेन्री कॅडेल यांनी स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी असाच प्रयोग केला होता. ७० सेमी लांब, २० सेमी रुंद काचेची पेटी घ्या, जुना फिश टँकही चालेल. खाडीची वाळू नको. तिच्यात मीठ आणि चिखल असतो. नदीची वाळू धुऊन, अर्धा मिलिमीटरच्या चाळणीतून काढून कढईत भाजून कोरडी करा. जून ते सप्टेंबरमध्ये ठाण्याच्या हवेत ती तासाभरात दमट होते, म्हणून भाजल्यावर निवताच वापरा. दमट वाळूला चिकटपणा येतो, मग फॉल्टऐवजी उभ्या भेगा आणि कडे तयार होतात. तळाला अर्ध्या लांबीत पॉलिश पेपर, अर्ध्यात गुळगुळीत प्लॅस्टिक लावलं तर दोन वेगळ्या पाचरी एकाच पेटीत दिसतात. ५ मिमीचे सहा थर घाला. वाळू ओतू नका, चाळणीने सारख्या उंचीवरून पाडा आणि पट्टीने सपाट करा. दोन थरांमध्ये रंगीत रांगोळीची पातळ रेघ घाला, जाड नको, कारण तिचं घर्षण वाळूपेक्षा वेगळं असतं. एका टोकाला फळी धरून एकेक सेंटीमीटर ढकला आणि प्रत्येक वेळी बाजूने फोटो घ्या. १ सेमी म्हणजे निसर्गात साधारण १ किमी.

२५ सेमी ढकलेपर्यंत चार-पाच फॉल्ट तुटायला हवेत. मध्येच मागची उंच वाळू कागदाच्या पुठ्ठ्याने काढून घ्या: पुढे नवा फॉल्ट यायचा थांबतो, मागचा पुन्हा हलतो. दुसऱ्या फेरीत पुढ्यात वाळू भुरभुरा आणि फरक पाहा. काचेला लागून घर्षण असल्याने तिथले फॉल्ट मागे वळलेले असतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. वरून २ सेमी कोरडी वाळू टाकून, फवाऱ्याने हळूहळू भिजवून, मधोमध काप घ्या आणि त्या कापावर रांगोळीच्या रेषेची लांबी मोजा. फळी २५ सेमी सरकली असली तरी रेषेवरून आखडणं त्याहून कमी निघेल, कारण पहिला फॉल्ट तुटण्याआधी वाळूचे थर आडवे दाबले जाऊन जाड झालेले असतात. हा फरक पत्र्यागणिक वेगळा काढा. फळीजवळच्या आणि टोकाजवळच्या कापांत तो सारखा नसतो, आणि छेदाला एकच सरसकट दुरुस्ती लावली की चुकतं ते इथेच.